फ्रेंच प्रेसमध्ये चांगली कॉफी : पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

घरी चांगली कॉफी करायला शिकायचं असेल तर सुरुवात फ्रेंच प्रेसपासून करा, असं मी कुणालाही सांगतो. वीज लागत नाही, कागदी गाळण्या लागत नाहीत, हाताला फार सराव लागत नाही. काचेचं किंवा स्टीलचं भांडं, त्यावर झाकण, झाकणातून खाली जाणारी दांडी आणि दांडीच्या टोकाला बारीक जाळीचा दट्ट्या, एवढंच हे साधन. पूड आणि गरम पाणी काही मिनिटं एकत्र राहतात, चोथा तळाशी बसतो आणि वरची कॉफी कपात येते. १८५२ साली फ्रान्समध्ये मेयर आणि डेलफोर्ज या दोघांनी अशा भांड्याचं पेटंट घेतलं होतं. आजच्या प्रेसच्या जवळ जाणारी रचना मात्र इटलीतल्या कालिमानी आणि मोनेता यांची, पेटंट १९२९चं. त्यानंतर त्यात फारसं काही बदललेलं नाही, कारण बदलण्यासारखं फारसं काही नव्हतंच.

नवीन माणूस सगळं लक्ष दट्ट्यावर देतो. किती जोरात दाबायचा, किती हळू, कुठपर्यंत. खरं तर दट्ट्याचं काम सगळ्यात शेवटी येतं आणि सगळ्यात कमी महत्त्वाचं असतं. कॉफी कशी होणार हे बिया, दळण, पाणी आणि वेळ यांनी आधीच ठरवलेलं असतं, आणि या चारांतही दळणाचा वाटा मोठा. म्हणून या लेखाचा बराचसा भाग पाणी ओतण्याआधीच्या गोष्टींवर आहे. तो वगळून थेट कृतीकडे जाऊ नका.

प्रेस घेताना

खोक्यावर ‘३ कप’, ‘८ कप’ असं लिहिलेलं असतं. हे कप फार लहान, साधारण १२० मिलिलिटरचे धरलेले असतात. म्हणजे ‘३ कप’वाला प्रेस ३५० मिलिलिटरचा, तो एका माणसाचा एक मोठा मग भरतो. ‘८ कप’वाला एक लिटरचा असतो. दोन माणसांच्या घराला ६०० मिलिलिटरचा प्रेस बरा. फार मोठा घेऊन त्यात जेमतेम पाव भांडं कॉफी करू नका. पाणी थोडं असलं की ते पटकन निवतं आणि दट्ट्या धड तिथवर पोचतही नाही.

काच की स्टील? काचेत आत काय चाललंय ते दिसतं आणि शिकताना ते दिसणं मोलाचं आहे. पण घासताना नळाला आपटली की काच गेली. दुहेरी भिंतीचा स्टीलचा प्रेस जास्त वेळ गरम राहतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. घेताना एकच गोष्ट नीट तपासा : जाळीची कड भांड्याला सगळीकडून चिकटून बसते का. झाकण लावून दट्ट्या वरखाली करून बघा. एका बाजूला फट राहत असेल तर तो प्रेस कितीही देखणा असो, घेऊ नका. त्या फटीतून सगळा गाळ कपात येतो.

प्रेसबरोबर एक छोटा डिजिटल वजनकाटा घ्या. ही चैन नव्हे. पुडीचं वजन चमच्याने कळत नाही, कारण गडद भाजलेली बी हलकी आणि फुगलेली असते, कमी भाजलेली जड असते. चमचा तोच, पण आत कधी चार ग्रॅम, कधी सहा. काटा येईपर्यंत काम चालवायचं असेल तर सपाट भरलेला टेबलस्पून साधारण ५ ग्रॅम धरा.

कोणती कॉफी घ्यावी

आपल्या बऱ्याच घरांत कॉफी म्हणजे इन्स्टंटची बाटली, नाहीतर दाक्षिणात्य फिल्टरची पूड. दोन्ही प्रेसमध्ये चालत नाहीत. इन्स्टंट कॉफी म्हणजे आधीच काढून वाळवलेला अर्क, ती नुसती विरघळते, तिला प्रेसची गरजच नाही. फिल्टरची पूड प्रेससाठी फार बारीक असते आणि तिच्यात बहुधा चिकोरी मिसळलेली असते. चिकोरी हे एका झाडाचं भाजलेलं मूळ. त्याने रंग गडद होतो, दाटपणा येतो, दुधात ते छान लागतं. भारतातल्या नियमाप्रमाणे कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते, म्हणजे उरलेली ४९ टक्के चिकोरी असू शकते. पाकिटावर हे प्रमाण छापलेलं असतं, ते वाचायची सवय लावून घ्या. प्रेसमध्ये चिकोरी चिकट, गोडसर-कडू होते आणि बीची स्वतःची चव झाकून टाकते. फिल्टर कॉफी मलाही मनापासून आवडते, पण तिचं भांडं वेगळं आणि तिची पूड वेगळी.

तर चिकोरी नसलेली, शक्यतो अख्ख्या बियांची कॉफी घ्या. पाकिटावर भाजल्याची तारीख हवी. नुसती ‘पॅकिंगची तारीख’ किंवा ‘अमुक तारखेपूर्वी वापरा’ एवढंच असेल तर कॉफी कधी भाजली ते कळायला मार्ग नाही. भाजल्यानंतर बीमध्ये कार्बन डायऑक्साइड वायू अडकलेला असतो आणि तो हळूहळू बाहेर पडत राहतो. पाकिटावर जी छोटी गोल झडप दिसते ती त्याचसाठी. भाजल्यापासून साधारण एका आठवड्यानंतर ते महिन्या-दीड महिन्यापर्यंत कॉफी उत्तम लागते. पुढे ती खराब होते असं नाही, पण वास उतरत जातो.

जातीबद्दल थोडं. अरेबिका आणि रोबस्टा या दोन मुख्य. अरेबिकाचा वास आणि गोडवा जास्त, अंगात हलकासा आंबटपणा. रोबस्टा दाट, कडवट, आणि तिच्यात कॅफीन जवळपास दुप्पट. भारतात पिकते त्यात रोबस्टाच जास्त आहे. देशातली बहुतांश कॉफी कर्नाटकातून येते : चिकमगळूर, कोडगू, हासन. सतराव्या शतकात बाबा बुदन नावाच्या सूफी संताने हजहून परतताना येमेनमधून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, अशी कथा तिथे सांगतात. त्या डोंगररांगेला आजही बाबाबुदनगिरी म्हणतात आणि तिथल्या अरेबिकाला भौगोलिक मानांकन आहे. आपल्याकडेही कॉफी अगदीच परकी नाही. अमरावती जिल्ह्यात, सातपुड्यातल्या चिखलदऱ्याला कॉफीची झाडं आहेत. तिथे गेलात तर आवर्जून बघून या.

दुकानात किंवा पाकिटावर दिसणारे काही शब्द कामाचे आहेत. ‘प्लँटेशन’ म्हणजे फळाचा गर काढून धुतलेली अरेबिका. हिची चव स्वच्छ आणि मोकळी. ‘चेरी’ म्हणजे फळासकट वाळवलेली, चवीला जडसर. ‘पार्चमेंट’ हा शब्द रोबस्टापुढे असेल तर ती धुतलेली रोबस्टा. ‘पीबेरी’ म्हणजे ज्या फळात दोनाऐवजी एकच गोल बी धरते ती निवडून काढलेली. आणि ‘मान्सून्ड मलबार’ हा खास आपल्या पश्चिम किनाऱ्याचा प्रकार आहे. वाळवलेल्या बिया पावसाळ्यात मंगळूरच्या बाजूला मोकळ्या गोदामांत पसरून ठेवतात. दमट वारा लागून त्या फुगतात, पिवळट पडतात आणि त्यांचा आंबटपणा जवळजवळ निघून जातो.

पहिलं पाकीट कोणतं, असं विचाराल तर चिकमगळूरची धुतलेली अरेबिका, मध्यम भाजलेली, २५० ग्रॅम. ज्यांना कॉफीतला आंबटपणा अजिबात सोसत नाही त्यांनी मान्सून्ड मलबारने सुरुवात करावी. फार हलकी भाजलेली कॉफी सुरुवातीला घेऊ नका. तिच्यातून चव काढणं अवघड असतं आणि नवीन माणूस निराश होतो.

साठवण सोपी आहे. हवाबंद डबा, अंधारी जागा, गॅसपासून लांब. रोज उघडझाप होणाऱ्या फ्रिजमध्ये कॉफी ठेवू नका. बाहेर काढली की थंड बियांवर दव धरतं, आणि पावसाळ्यात मुंबई-कोकणात तर ते लगेच धरतं. शिवाय लसणाच्या चटणीशेजारी ठेवलेली कॉफी लसणाचा वास घेते.

दळण

इथे थांबा आणि सावकाश वाचा, कारण प्रेसमधली बहुतेक वाईट कॉफी दळणामुळे वाईट झालेली असते.

प्रेसला भरड पूड लागते. अंदाज घ्यायचा तर जाड रव्याची जाडी डोळ्यांपुढे आणा. दोन बोटांत चोळली तर कण वेगवेगळे लागले पाहिजेत, मैद्यासारखं काही बोटाला चिकटता कामा नये. कण बारीक असतील तर पाणी त्यांतून झपाट्याने सगळं काढून घेतं, शेवटचा कडवटपणा आणि तुरटपणासुद्धा. शिवाय ते जाळीतून निसटून कपात येतात आणि दट्ट्या जड करतात. फार भरड असेल तर पाणी कणाच्या आतपर्यंत पोचत नाही आणि कॉफी आंबट, पोकळ लागते.

पण बारीक की भरड यापेक्षाही एकसारखं हे महत्त्वाचं. मिक्सरचं पातं बिया कापत नाही, फोडतं. त्यामुळे काही कण धुळीसारखे होतात आणि काही अर्ध्या बीएवढे राहतात. धूळ कडवट होते, मोठे कण आंबट राहतात, आणि एकाच कपात दोन्ही दोष येतात. अशी कॉफी कडू आहे की आंबट हेच पिणाऱ्याला सांगता येत नाही, नुसती वाईट लागते एवढं कळतं. त्यामुळे ती सुधारायची कशी हेही कळत नाही.

यावर खरा उपाय बर ग्राइंडर. त्यात दोन दातेरी चकत्या किंवा शंकू असतात आणि त्यांच्यातलं अंतर ठरवता येतं. बी त्या फटीतून भरडून जाते, म्हणून कण जवळपास सारखे पडतात. हाताने फिरवायचा ग्राइंडर घरच्या दोन कपांना पुरेसा आहे. पैसे मर्यादित असतील तर प्रेस साधा घ्या आणि उरलेले पैसे ग्राइंडरवर घाला. हा सल्ला मी अगदी ठामपणे देतो.

तोपर्यंत मिक्सरच वापरायचा असेल तर छोटं चटणीचं भांडं घ्या, ते कोरडं आणि मसाल्याच्या वासाचं नसलेलं हवं. बिया थोड्याच घाला. बटण सलग चालू ठेवू नका, क्षणभर फिरवून थांबा, भांडं हलवा, पुन्हा क्षणभर. मग पिठाच्या चाळणीने चाळा. खाली पडलेली धूळ बाजूला काढा, वर राहिलेली पूड प्रेसमध्ये घाला. चाळल्यावर वजन पुन्हा करायला विसरू नका. चाळणीने पडणारा फरक पहिल्याच कपात कळतो.

तिसरा मार्ग म्हणजे दुकानातून दळून आणणं. मुंबईत माटुंग्यात आणि इतर शहरांतही दाक्षिणात्य वस्तीजवळ कॉफीची अशी दुकानं आहेत जिथे समोर दळून देतात. तिथे दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्या लागतात : चिकोरी नको आणि फिल्टरसाठी नाही, प्रेससाठी भरड हवी. न सांगता सवयीने बारीकच दळून मिळते. दळलेल्या कॉफीचा वास बियांपेक्षा फार लवकर उडतो, म्हणून आठवड्या-दोन आठवड्यांपुरतीच आणा.

पाणी

कोऱ्या कॉफीत ९८ टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. ज्या पाण्याची स्वतःची चव वाईट, त्याची कॉफी चांगली होणार नाही.

पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हे क्षार कॉफीतली चव ओढून घ्यायला मदत करतात. म्हणून आरओचं अगदी क्षारहीन पाणी वापरलं की कॉफी सपाट आणि कधी कधी बोचरी लागते. उलट मराठवाड्यात, विदर्भात किंवा शहरांच्या कडेला बोअरचं जड पाणी असतं. त्यातले बायकार्बोनेट कॉफीतला आंबटपणा मारून टाकतात आणि चव खडूसारखी होते. कॉफीच्या जगात टीडीएस (लिटरभर पाण्यात विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) १५०च्या आसपास असलेलं पाणी चांगलं मानतात. तुमच्या घरच्या आरओचं पाणी ३०-४०वर असेल तर त्यात थोडं नगरपालिकेचं, उकळून गाळलेलं पाणी मिसळून बघा. बोअर असेल तर आरओच बरं.

तापमान ९२ ते ९६ अंश सेल्सिअस असावं. थर्मामीटर नसला तरी अडत नाही. पाण्याला खळखळून उकळी आली की गॅस बंद करा आणि अर्धा मिनिट थांबा. तुम्ही उंचावर राहत असाल तर तेवढंही थांबू नका. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने उतरतो. मुंबईत पाणी १०० अंशांना उकळतं, पुण्यात ९८च्या आसपास, आणि महाबळेश्वरला ९५-९६ अंशांवरच. तिथे उकळी फुटताच ओता. कॉफी अगदी गडद भाजलेली असेल तर मात्र पाणी थोडं जास्त निवू द्या, ९० अंशांपर्यंत चालेल. त्याने कडूपणा कमी उतरतो.

कृती

प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे : एक लिटर पाण्याला ६० ग्रॅम पूड. म्हणजे २५० मिलिलिटरच्या एका मगाला १५ ग्रॅम, दोघांसाठी ५०० मिलिलिटरला ३० ग्रॅम. चोथा आपल्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवतो, त्यामुळे ५०० घातलेत तर हातात ४००च्या वर थोडं येईल, हे गृहीत धरा. खालची कृती ५०० मिलिलिटरची आहे.

१. आधी रिकाम्या प्रेसमध्ये गरम पाणी ओतून तो फिरवून घ्या आणि पाणी टाकून द्या. गार भांडं पाण्याचे बरेच अंश खातं, आणि हिवाळ्यात गार काचेवर एकदम उकळतं पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो. कपही असेच गरम करून ठेवा.

२. ३० ग्रॅम बिया आत्ता दळा, काल रात्री नव्हे. पूड प्रेसमध्ये घालून भांडं हलकं हलवा म्हणजे थर सपाट होईल. प्रेस काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा.

३. घड्याळ लावा आणि ५०० ग्रॅम पाणी ओता. धार सगळीकडे फिरवा, कोरडी पूड कुठे राहता कामा नये. ताजी कॉफी असेल तर लगेच फुगेल, बुडबुडे येतील आणि वर तपकिरी फेसाचा जाड थर जमेल. तो अडकलेला वायू बाहेर पडतोय. काहीच फुगलं नाही तर कॉफी जुनी आहे.

४. दट्ट्या पूर्ण वर ओढलेला ठेवून झाकण नुसतं वर ठेवा. चार मिनिटं हात लावू नका.

५. चार मिनिटांनी झाकण काढा. वर पुडीचा थर तरंगत असेल. लाकडी किंवा सिलिकॉनच्या चमच्याने तो वरच्या वर दोन-तीनदा हलकेच मोडा. पूड खाली बसायला लागेल. जो फिकट फेस आणि थोडे कण वर राहतील ते दोन चमच्यांनी काढून टाका. फेसाला चव कडवट असते, त्याचा मोह धरू नका.

६. आता आणखी पाच मिनिटं थांबा. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. ‘इतका वेळ ठेवली तर कडू होईल ना?’ हा प्रश्न हमखास येतो. होत नाही. पूड भरड आहे, पाणी निवत चाललं आहे आणि चोथा तळाशी जाऊन बसला आहे, त्यामुळे पुढचं काम फार मंदावलेलं असतं. या पाच मिनिटांत बारीक कण खाली बसतात आणि कॉफी जीभ न भाजता पिण्याइतकी निवते.

७. झाकण लावून दट्ट्या फक्त कॉफीच्या पृष्ठभागाखाली जेमतेम जाईल इतका उतरवा. तळापर्यंत दाबू नका. जाळीने गाळण्याचं काम करायचंय, तळाशी बसलेला गाळ पुन्हा ढवळायचा नाही. भांडं सावकाश तिरकं करून एका संथ धारेत कपात ओता. तळाची शेवटची दोन बोटं कॉफी भांड्यातच राहू द्या.

चव तपासण्याच्या व्यावसायिक पद्धतीवरून ही रीत आली आहे. लंडनचे जेम्स हॉफमन, २००७च्या जागतिक बरिस्ता (म्हणजे कॉफी करून देणाऱ्यांच्या) स्पर्धेचे विजेते, यांनी ती घरोघरी पोचवली. सकाळी घाईत असाल तर जुनी रीतही आहे : चार मिनिटांनी एकदा ढवळा, दट्ट्या वीसेक सेकंदांत सावकाश खाली न्या आणि लगेच सगळी कॉफी ओतून घ्या. गाळ थोडा जास्त येईल, पण कॉफी चांगलीच होईल. ती प्रेसमध्ये चोथ्यावर ठेवून तासाभराने दुसरा कप ओतायचा, असं मात्र करू नका. उरणार असेल तर थर्मासमध्ये काढा.

दाबताना दट्ट्या जड लागला तर जोर लावू नका. पूड फार बारीक आहे असा त्याचा अर्थ. जोर लावला की गरम कॉफी कडेने उसळून हातावर येते. दट्ट्या थोडा वर घ्या, क्षणभर थांबा आणि पुन्हा हळू न्या. घरात लहान मूल असेल तर हे सगळं ओट्याच्या आतल्या बाजूला करा.

पहिल्या कपानंतर

पहिला कप साखरेविना, दुधाविना प्या आणि थोडा निवल्यावर पुन्हा एक घोट घ्या. फार गरम असताना जिभेला फारसं काही कळत नाही.

दोन वेगळ्या गोष्टी ओळखायला शिका. एक म्हणजे कॉफी पातळ आहे की दाट. हे पुडीच्या प्रमाणावर ठरतं. पाणचट वाटली तर ३०ऐवजी ३३ ग्रॅम घाला, फार जड वाटली तर २७. दुसरी गोष्ट म्हणजे पाण्याने पुडीतून किती काढून घेतलं. आधी आंबट घटक उतरतात, मग गोडवा, आणि शेवटी कडवट-तुरट. म्हणून कॉफी कच्च्या चिंचेसारखी आंबट आणि पोकळ असेल तर काम अर्धवट राहिलं : पूड थोडी बारीक करा, किंवा पाणी जास्त गरम घ्या. घशाशी कडवट आणि जिभेवर कोरडी-तुरट असेल तर फार काढलं गेलं : पूड भरड करा. कडू कॉफीवर बरेच जण पूड कमी करण्याचा उपाय करतात. त्याने ती पातळ आणि कडू होते, एवढंच.

एका वेळी एकच गोष्ट बदला. दळण, प्रमाण आणि वेळ तिन्ही एकदम बदलले आणि कॉफी सुधारली, तर कशाने सुधारली ते कळणार नाही. मी तर सांगेन की प्रमाण आणि वेळ पहिलं पाकीट संपेपर्यंत तेच ठेवा आणि फक्त दळण मागेपुढे करा. ग्राइंडरचा आकडा पाकिटावरच पेन्सिलने लिहून ठेवा.

दूध, जायफळ आणि उन्हाळा

दूध घालणं म्हणजे पाप नव्हे. आपल्याकडे दुधाची, जायफळ-वेलदोड्याची कॉफी घराघरांत होत आली आहे आणि प्रेसमधून ती फार सुरेख होते. फक्त दूध घालायचं असेल तर अर्क दाट हवा : ३० ग्रॅमला ५००ऐवजी ३०० मिलिलिटर पाणी. बाकी कृती तीच. कॉफी जराशी गडद भाजलेली किंवा थोडी रोबस्टा मिसळलेली घ्या, नाहीतर दुधात तिचा पत्ता लागत नाही. दूध वेगळं तापवा आणि उकळू नका, वाफा यायला लागल्या की बस. जायफळ दुधात किसा, पुडीत नव्हे, आणि चिमटीच्याही कमी. जास्त झालं तर कॉफीची चव मागे पडते.

प्रेसचा आणखी एक उपयोग सांगतो. कॉफी थर्मासमध्ये काढून प्रेस धुवा, त्यात गरम दूध एक तृतीयांश भांड्यापर्यंत घाला आणि दट्ट्या झपझप वरखाली करा. अर्ध्या मिनिटात दुधाला दाट फेस येतो.

मे महिन्यात गरम कॉफी नको वाटते. तेव्हा ६० ग्रॅम भरड पूड आणि ६०० मिलिलिटर साधं पिण्याचं पाणी प्रेसमध्ये एकत्र करा, ढवळा, झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. बारा ते सोळा तासांनी दट्ट्या हळूच उतरवून बाटलीत ओता. थंड पाण्यात आंबट आणि कडू घटक कमी उतरतात, म्हणून ही कॉफी गोडसर आणि मऊ लागते. पिताना तेवढंच पाणी, दूध किंवा बर्फ घाला. बंद बाटलीत, फ्रिजमध्ये ती तीन-चार दिवस चांगली राहते.

तब्येतीचं

प्रेसच्या कॉफीत बीतलं तेल कपात येतं, म्हणून ती दाट लागते. त्या तेलात कॅफेस्टॉल नावाचा घटक असतो आणि तो रक्तातलं एलडीएल कोलेस्टेरॉल वाढवतो. कागदी गाळणी तो अडवते, धातूची जाळी अडवत नाही. ज्यांचं कोलेस्टेरॉल आधीच जास्त आहे त्यांनी रोज दोन-तीन मग प्रेसची कॉफी पिण्याआधी डॉक्टरांशी बोलावं, किंवा तयार कॉफी कागदी गाळणीतून ओतून घ्यावी. कॅफीनचं म्हणाल तर निरोगी प्रौढ माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत आणि गरोदरपणात २०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं असं मानलं जातं. १५ ग्रॅम अरेबिकाच्या एका मगात १५० मिलिग्रॅमच्या आसपास धरा, रोबस्टा असेल तर त्याहून बरंच जास्त.

धुणं

चोथा बेसिनमध्ये ओतू नका, पाइप तुंबतो. भांड्यात थोडं पाणी घालून फिरवा आणि पिठाच्या चाळणीत उपडं करा. पाणी निघून जाईल, चोथा कचऱ्याच्या ओल्या डब्यात किंवा कंपोस्टमध्ये. कुंडीत थेट जाड थर देऊ नका, तो वाळून कडक होतो आणि खाली पाणी जाऊ देत नाही. मातीत मिसळा.

दट्ट्या रोज नुसता नळाखाली धरणं पुरत नाही. खालची चकती फिरवली की जाळी, स्प्रिंगची कडा आणि वरची पट्टी सुटी होते. दोन-चार दिवसांनी हे सगळं सुटं करून साबणाने घासा. थरांमध्ये तेल साचतं, खवट होतं आणि मग ताज्या कॉफीलाही जुनाट वास येतो. कॉफी अचानक बिघडली आणि बिया, दळण, पाणी सगळं ठीक असेल तर आधी जाळी उघडून हुंगा. आठवड्यातून एकदा गरम पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा टाकून सुटे भाग अर्धा तास बुडवून ठेवले तर तेल सुटतं. जाळीच्या कडेचे तार मोकळे व्हायला लागले की ती बदला. बऱ्याच प्रेसच्या जाळ्या आणि काचा सुट्या मिळतात, पण घेताना आपल्या भांड्याचा आतला व्यास मोजून न्या.